न वाचता केलेली सही

चार पाकिटं हातात पडली तेव्हा आयडाच्या दुसऱ्या हातात गोड पावाचा गरम पुडा होता. गुरुवार असल्यामुळे बेकरीत गर्दी होती, आणि कॉनी आव्हिला शाळेच्या स्वयंपाकघरातला निळा एप्रन तसाच अंगावर ठेवून, रांगेतल्या दोघांना कोपराने बाजूला सारत तिच्यापर्यंत आली होती.

"अगं आयडा, देवासारखी भेटलीस बघ! संध्याकाळी तुझ्याकडे यायचंच होतं. एवढी पेटीत टाकशील? लायब्ररीच्या दारातली, तुझ्या वाटेवरचीच."

"काय आहे हे?"

"मतं! आणखी काय असणार या दिवसांत? आईचं, माझं, गॅरीचं आणि धाकट्या लेकीचं. तिचं तर पहिलंच. मला आत्ता तीनशे पोरांना वाढायचंय, उशीर झाला की आमची साहेबीण तोंड सोडते." कॉनीने आवाज खाली आणला, म्हणजे निम्म्या बेकरीलाच ऐकू जाईल इतका. "आणि तुझ्या शब्दाबाहेर कोणी गेलं नाही हं. चारही 'नाही'. गॅरी जरा कुरकुरत होता. म्हणे, हा कायदा झाला तर आपल्याच घरावरचा बोजा उतरेल. आई जावयाला म्हणाली, आयडापेक्षा तू शहाणा का? झालं, बसला गप्प."

आयडा हसली. हसू कुठून आलं ते तिलाही कळलं नाही.

"आणि डॅडना टीव्हीवर आणलंस! नाव नाही घेतलंस, पण आम्हाला कळायचं राहतंय होय? जाहिरात लागली की आई सगळ्यांना दटावते, गप्प बसा, बेल आलाय. दिसत नाही गं तिला, पण ऐकते." कॉनीने तिच्या गालाचा मुका घेतला आणि आली तशीच लोकांना सारत निघूनही गेली.

गाडीत बसल्यावर आयडाने पाव शेजारच्या सीटवर ठेवला आणि पाकिटं मांडीवर. किल्ली फिरवायला हात जाईना. समोर बेकरीची भिंत, भिंतीवर जूनमधल्या उत्सवाचा फाटलेला कागद, आणि काचेतून येणारा गोठ्यांचा वास. या गावात वारा पश्चिमेकडून आला की कोणी नाक मुरडत नाही, इथे सगळ्यांच्या ताटातली भाजीभाकरी कधी ना कधी गाईंच्या शेणातून आलेली आहे. आयडाचा बापही दूध काढायलाच समुद्रापलीकडच्या अझोर बेटांवरून आला होता. पाकिटं गुलाबी होती आणि जाड होती. चार माणसांनी चिकटवलेली, चार जणांच्या थुंकीने. तिने ती उलटी केली नाहीत. उलटी केली असती तर मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचावं लागलं असतं, आणि वाचायचं टाळणं ही गोष्ट तिला या वर्षी चांगलीच जमायला लागली होती.

आयडा बोर्जेस, वय सदुसष्ट, एकतीस वर्षं काउंटीच्या हॉस्पिटलात नर्स, आता खोऱ्यातल्या निवृत्त नर्सांच्या संघटनेची अध्यक्ष. संघटना हा शब्द जरा मोठाच होता. त्रेचाळीस बायका आणि एक पुरुष महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमत, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते ऐकत आणि एकमेकींच्या केकला नावं ठेवत. काम म्हणावं असं त्या एकच करत. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेऊन आणत. त्यासाठीची व्हॅन मार्चमध्ये भर रस्त्यात बंद पडली ती पडलीच. आणि जुलैत, अंगाची लाही होत असताना, राज्याच्या राजधानीतून ब्रिन आली. वय तिशीच्या आतबाहेर, पायात साधे बूट, हातात याच बेकरीतला गोड पाव. बाहेरून आलेले लोक डोनट आणतात. हिने विचारून गोड पाव आणला होता. पहिल्याच भेटीत त्रेचाळीस बायकांपैकी तीस जणींची नावं तिला पाठ झाली. असल्या मुलीला नाही कसं म्हणायचं? नोव्हेंबरात एक प्रस्ताव मतदानाला येणार होता, हॉस्पिटलांच्या बिलांबद्दलचा, आणि ब्रिन त्याच्या विरोधातल्या प्रचाराचं काम करत होती. 'नर्स आणि शेजारी' असं त्या मोहिमेचं नाव होतं. "नर्स आहेत, फक्त अजून शेजारी मिळायचेत," असं म्हणून ब्रिन स्वतःच हसली होती, आणि सगळ्या तिच्याबरोबर हसल्या होत्या. तेव्हा तो विनोद वाटला.

ब्रिनने फसवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आयडाला पुन्हा एकदा वाटलं. आज सकाळपासून तिसऱ्यांदा. फसवलं गेलेल्या बाईला रागावता येतं. पण ब्रिनने सगळं कागदावर दिलं होतं. अकरा पानांचा कायदा, वर पिवळी क्लिप. "घाई नाही, आयडा. नीट वाचा, शंका आली तर मला फोन करा." ती फाइल स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात, रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी, अजून तशीच पडली होती. क्लिपसुद्धा निघाली नव्हती. तिने ती उघडली नाही याचं कारण वेळ नव्हता असं नव्हे. तिच्याकडे वेळच वेळ होता. उघडली असती तर कदाचित सही करता आली नसती, हे तिला तेव्हाही कुठेतरी ठाऊक होतं. एकतीस वर्षं औषधाच्या बाटलीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय तिने कोणाला थेंबभर औषध दिलं नव्हतं. उचलताना एकदा, भरताना एकदा, ठेवताना एकदा. नव्या पोरींना ती हेच शिकवायची, आणि दोनदाच वाचणाऱ्या पोरीला रडवायची.

सही कशावर केली, तर त्या जाडजूड पुस्तिकेवर, जी सरकार राज्यातल्या घराघरात पाठवतं. प्रत्येक प्रस्तावाच्या मागे एका पानावर बाजूने आणि एका पानावर विरोधात लिहिलेलं असतं, आणि खाली सह्या. ब्रिनने सरळच सांगितलं होतं, तीन सह्या लागतात. एक डॉक्टर, एक जुना सैनिक आणि एक नर्स. डॉक्टर आणि सैनिक मिळाले होते. मजकूर लिहून तयार होता. सहीच्या आदल्या दिवशी चर्चच्या हॉलबाहेर नवी पांढरी व्हॅन उभी राहिली, दारावर संघटनेचं नाव, कोपऱ्यात छोटंसं हृदय. बायका तिच्याभोवती नव्या सुनेभोवती जमावं तशा जमल्या, कोणी दार उघडून बघतेय, कोणी सीटवर बसून बघतेय. आणि नंतर आयडाच्या नावाने एक चेक आला. सहा हजार डॉलर, 'वेळेबद्दल मानधन'. त्याबद्दल तिने कोणालाही सांगितलं नाही, संघटनेत नाही, सांता क्रूझला राहणाऱ्या मुलाला नाही, आणि पापाची कबुली द्यायला फादरसमोर बसली तेव्हाही नाही. घरातला एसी सहा वर्षं कण्हत होता, तो तिने बदलला. नवा एसी आवाज करत नाही. ऑगस्टमध्ये ती रात्री गार हवेत पडून राहायची आणि तो चालू आहे की नाही हे कळायला कान देऊन ऐकायची.

आणि जाहिरात. त्यांनी तिच्यासाठी पांढरा गणवेश शिवून आणला होता. जुना आता चढला नसता, आणि तसा गणवेश हॉस्पिटलात पंचवीस वर्षांत कोणी घातलाही नव्हता. पण ब्रिनचं म्हणणं, लोकांच्या डोक्यातली नर्स अशीच असते. त्याआधी एका दुपारी, चर्चच्या पायऱ्यांवर बसून, ब्रिनने तिला विचारलं होतं, "आयडा, तुम्हाला स्वतःचा सगळ्यात जास्त अभिमान कधी वाटला?" असं तिला कोणीच कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. प्रश्न ऐकल्याबरोबर उत्तर तयारच होतं, जणू अकरा वर्षं ते दाराशीच उभं होतं. तिने बेलची गोष्ट सांगितली. ब्रिनने काही लिहून घेतलं नाही. नुसती ऐकत राहिली, आणि शेवटी तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. ते पाणी खोटं होतं असं आयडाला आजही वाटत नाही. तेच तर वाईट होतं.

बेल, म्हणजे कॉनीचा बाप बेलार्मिनो आव्हिला, दूध काढणारा, हातांची बोटं कायम जरा मिटलेली. पोटातला कर्करोग यकृतात गेला होता. दोन ऑपरेशनं झाली होती, तिसऱ्याची तयारी चालली होती, आणि तिसऱ्याने काही होणार नाही हे त्या मजल्यावर झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं. तेव्हा हॉस्पिटल नुकतंच एका बाहेरच्या कंपनीने घेतलं होतं. कोणत्या खाटेवर काय काय करून बिल करता येईल याची सकाळी बैठक व्हायची. फिलोमेना, त्याची बायको, बाहेरच्या बाकावर बसून असायची, मांडीवर पर्स, पर्समध्ये जपमाळ. आयडा तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, त्यांना घरी घेऊन जा. यातून काही निघायचं नाही. निघालंच तर फक्त बिल निघेल." एवढंच. फिलोमेनाने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. तेव्हा तिला दिसत होतं. मग ती उठून आत गेली आणि बेलचे बूट शोधू लागली. तो घरी नऊ दिवस जगला. खिडकीतून शेजारच्या गोठ्यातल्या गाई दिसायच्या, तो त्यांच्यात कोण लंगडतेय ते सांगायचा. आयडाला वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि वर्षभर रात्रपाळीला टाकलं. ते वर्ष तिने ताठ मानेने काढलं. आयुष्यात एक गोष्ट तिने पूर्णपणे बरोबर केली होती आणि तिची किंमतही भरली होती. तरीही आधीच्या दोन ऑपरेशनांचं बिल राहिलंच. विमा नव्हता. कंपनीने आव्हिलांच्या घरावर बोजा चढवला, आणि तो अजून तसाच आहे. घर विकायचं म्हटलं तर आधी कंपनी येऊन उभी राहील.

ती सगळी दुपार जाहिरातीत दोन वाक्यांची झाली. 'कोणी खरं सांगत नव्हतं तेव्हा मी घरच्यांना खरं सांगितलं. आज तेच खरं मी तुम्हाला सांगते आहे.' गालावर उजेड टाकला होता. दिग्दर्शक म्हणाला, "खरं या शब्दावर किंचित थांबा." ती किंचित थांबली.

पैसा कोणाचा हे तिला कळलं ते सप्टेंबरात, दातांच्या डॉक्टरकडे. भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून ठेवला होता. त्यावर ती स्वतः आली, तोंड हलवत, पांढऱ्या गणवेशात. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता म्हणून नजर खाली गेली, आणि तळाशी बारीक अक्षरांत ती ओळ दिसली, कायद्याने दाखवावीच लागते ती. मुख्य देणगीदार अमुक आणि तमुक. दोन्ही कंपन्या हॉस्पिटलांच्या, त्यातली दुसरी तीच, जिने बेलचं घर बोजाखाली अडकवून ठेवलं होतं. ती ओळ पाच सेकंद राहिली आणि दंतमंजनाची जाहिरात सुरू झाली. घरी जाऊन तिने आकडा शोधला. नऊ कोटी डॉलर. नऊ कोटीत काय येत नाही? टीव्ही येतो, टपाल येतं, राजधानीतली हुशार मुलं येतात. एवढं सगळं विकत घेऊन झाल्यावर त्यांना फक्त एक गोष्ट कमी पडत होती, आणि ती टर्लॉकमध्ये, या गावात, एक व्हॅन आणि एका एसीच्या भावाने मिळाली. आयडाने कॉम्प्युटर बंद केला. तरीही तिने फाइल उघडली नाही. आता वाचून काय उपयोग, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि तिला ते पटलंही.

लायब्ररीच्या दाराशी मतपेटी होती, टपालपेटीहून मोठी, जमिनीला बोल्टने जखडलेली. आयडाने गाडी समोर लावली. एक म्हातारा काठी टेकत आला, पाकीट फटीत सरकवलं, आत पडलं का ते ऐकायला वाकला, आणि वळताना त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो काचेजवळ आला.

"तुम्ही त्या ना? टीव्हीवरच्या?"

"हो."

"माझी बायको म्हणते, हिचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नाही." त्याने टोपीला हात लावला. "टाकून आलो बरं का तुमचं. 'नाही'."

तो गेला. त्याच्यासाठी आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं. त्याच्यासारखे राज्यभर किती असतील ते मोजायचं तिने मनाशी सुरू केलं आणि सोडून दिलं. तो आकडा तिला पेलला नसता. पण मांडीवर चार होती, आणि ही चार अजून पडली नव्हती. तिने ती उलटी केली. दुसऱ्याच्या हाती पाकीट पाठवायचं तर मागे त्याचं नाव लिहावं लागतं, त्याची सही लागते, आणि मतदाराशी नातं काय तेही लिहावं लागतं. चारही पाकिटांवर कॉनीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'आयडालीना बोर्जेस'. कॉनीच्या, गॅरीच्या, मुलीच्या पाकिटावर नात्यासमोर होतं 'मैत्रीण'. फिलोमेनाच्या पाकिटावर आधी 'मैत्रीण' लिहून खोडलं होतं. म्हातारीने खोडायला लावलं असणार. वर लिहिलं होतं 'घरची'. त्याच्या शेजारी सहीची ओळ रिकामी होती, आयडासाठी. पेन हातात होतं. कधी काढलं ते तिला आठवेना. घशाखाली काहीतरी गरम गरम खाली उतरत गेलं आणि तिला कळलं की ही लाज आहे, आणि ही लाज जुलैपासून आपल्या अंगात आहे, फक्त आपण तिला उन्हाळा म्हणत होतो. तिने गाडी वळवली.

आव्हिलांचं घर गावाच्या कडेला, बदामांच्या बागेला लागून. बदाम झोडून झाले होते, झाडं धुळीने पांढरी पडली होती. फिलोमेना व्हरांड्यात खुर्चीवर होती. डोळ्यांतलं मधलं सगळं गेलेलं, कडेकडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे ती माणसाकडे बघताना नेहमी त्याच्या खांद्याशेजारी बघे.

"कोण? आयडा?"

"कसं ओळखलंत?"

"गोड पावाचा वास आणि उजवा पाय ओढत चालणं. दुसरं कोण असणार? ये. टाकलीस पाकिटं?"

"नाही, मावशी."

"का गं? पेटी भरली की काय?" म्हातारी स्वतःच्याच विनोदावर हसली. "आत चल. कॉफी तूच कर, मी केली तर निम्मी ओट्यावर सांडते."

स्वयंपाकघरात फ्रिजवर आयडाचा फोटो होता. प्रचाराचं कार्ड, टपालाने घरोघर गेलेलं, पांढरा गणवेश, गालावरचा उजेड. गाईच्या आकाराच्या चुंबकाखाली लावलेलं. आयडाने त्याच्याकडे पाठ करून कॉफी केली. पाव कापला. चार पाकिटं टेबलावर ठेवली, एकावर एक. कितीही वेळ काढला तरी कॉफी व्हायला लागतात तेवढीच मिनिटं लागली.

"मावशी, मी ते वाचलं नव्हतं."

"काय वाचलं नव्हतंस?"

"तो कायदा. ज्याच्याविरुद्ध मी सही केली. त्यांनी मला दिला होता. मी वाचलाच नाही."

फिलोमेनाने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. तोंडापर्यंत नेला नाही. "मग आता वाच," ती म्हणाली. "सरकारने धाडलेलं पुस्तक तिथे टोपलीखाली आहे. मला कोण वाचून दाखवणार? कॉनीला वेळ नाही. म्हणून तर तुझ्यावर सोडलं होतं."

आयडाने चष्मा लावला. वाचायला लागली. हॉस्पिटलांनी विमा नसलेल्या माणसाकडून सरकारी विम्याच्या दरापेक्षा जास्त घ्यायचं नाही. भाषा अवघड होती, वाक्यं लांबलचक, ती मध्ये थांबून सोपं करून सांगत होती, एकतीस वर्षं डॉक्टरांचं बोलणं सोपं करून सांगत आली तसं. बरंच पुढे गेल्यावर आलं, राहत्या घरावर बिलापोटी बोजा चढवायचा नाही. चढवलेले असतील ते वर्षभरात उतरवायचे. तिने हे वाक्य वाचलं आणि सोपं करून सांगायला तोंड उघडलं.

"कळलं मला," म्हातारी म्हणाली. "म्हणजे गॅरी बरोबर म्हणत होता."

"हो."

"त्याला काही सांगू नकोस. आधीच डोक्यावर बसलाय." ती हसली नाही. "आता तुझं वाच."

"माझं राहू दे, मावशी."

"वाच."

आयडाने पान उलटलं. तिच्या नावाच्या वरचा मजकूर. तिने तो कधीच मोठ्याने वाचला नव्हता. जाहिरातीतली दोन वाक्यं तेवढी तिने उच्चारली होती, बाकीची नुसती तिच्या नावावर होती. "'हा कायदा झाला तर आमच्यासारख्या लहान गावांतली हॉस्पिटलं बंद पडतील.'"

"हे खरं?"

"मला माहीत नाही. कोणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही."

"पुढे."

"'नर्सांनी आणि शेजाऱ्यांनी एकत्र येऊन हा विरोध उभा केला आहे.'"

"हे?"

"नाही. पैसा दोन हॉस्पिटल कंपन्यांचा आहे. एक तीच. बेलकाकांची."

म्हातारीची बोटं टेबलावर काहीतरी शोधत गेली, पाकिटांना लागली आणि तिथेच थांबली. "आणि तुला?"

"मला सहा हजार दिले. आणि संघटनेला गाडी."

"कुठली? ती पांढरी? जी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते?"

"तीच."

स्वयंपाकघरात फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, होत नव्हता. आयडाला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली तर बरं होईल. दोन शिव्या देईल, रडेल, आपणही रडू, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडू आणि त्यातून काहीतरी मोकळं होईल. पण फिलोमेना आयडाच्या खांद्याशेजारच्या हवेत बघत राहिली.

"पुढे," ती म्हणाली.

"'एकतीस वर्षं मी आजाऱ्यांच्या उशाशी बसले आहे. कोणी खरं सांगत नव्हतं तेव्हा मी घरच्यांना...'" आयडा मध्येच थांबून पाणी प्याली. "'...घरच्यांना खरं सांगितलं.'"

म्हातारीचा चेहरा बदलला. टीव्हीसमोर बसल्यावर तो असाच होत असणार. बेल आलाय, गप्प बसा. "हे खरं," ती स्वतःच म्हणाली. "बाकावर बसली होतीस माझ्याजवळ. मी आधी चिडले होते तुझ्यावर. रात्री मग त्याला सांगितलं, ती पोरगी म्हणते घरी जाऊ. तो म्हणाला, चल मग." तिने नाक पुसलं. "आणखी आहे?"

"एक वाक्य."

"वाच."

"'आज तेच खरं मी तुम्हाला सांगते आहे.'"

या वेळी फिलोमेनाने काही विचारलं नाही. कॉफीवर साय धरली. ट्रॅक्टर चालू झाला आणि लांब गेला. तिने विचारलं असतं तर आयडाने उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं, जिभेवर होतं. ते द्यायची पाळीच आली नाही.

"पाकिटं इथेच राहू दे," म्हातारी शेवटी म्हणाली. "कॉनी आली की मी बोलेन. मताचा नवीन कागद कुठे मिळतो ते तिला शाळेत विचारता येईल. तुला तसदी नको."

"मला तसदी कसली, मावशी, मी आत्ता नेते तुम्हाला सगळ्यांना..."

"त्या पांढऱ्या गाडीतून?"

आयडा उठली. कप धुतले. पाव फडक्यात गुंडाळून ठेवला. पर्स उचलली, आणि दाराकडे वळली तेव्हा मागून आवाज आला.

"आणि फ्रिजवरचा तो कागद जाताना घेऊन जा. मला दिसत नाही, पण तिथे आहे हे माहीत असतं."

तिने गाईचं चुंबक बाजूला केलं. कार्ड हातात आलं आणि त्याच्यामागे दुसरा एक कागद खाली घसरला. बेलच्या अंत्यविधीच्या वेळी वाटलेलं छोटं चित्र, त्याचा फोटो, त्याच्याखाली दोन तारखा. दोघांना एकच चुंबक होतं, आणि आयडा वर होती. तिने ते उचललं, फुंकर मारली, फ्रिजवर नेमकं मध्यभागी धरलं आणि वर चुंबक दाबलं. स्वतःचा फोटो दुमडून पर्समध्ये घातला. तो जाड होता, नीट दुमडेना.

"बेलला लावलंस परत?"

"हो."

"सरळ आहे?"

"हो, मावशी. सरळ आहे."

फिलोमेना टेबलाला हात टेकून उठली, फ्रिजपाशी आली आणि चित्राच्या चारही कडा बोटांनी चाचपून पाहिल्या.